अंतराळ मोहिमांची जुनी छायाचित्रे : संग्रह, पारख आणि जतन

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानवाने पृथ्वीच्या वातावरणाची सीमा ओलांडली. या घटनेची साक्ष देणाऱ्या साधनांमध्ये याने, खडकांचे नमुने आणि नोंदवह्या यांच्याइतकेच महत्त्व छायाचित्रांना आहे. चंद्रभूमीवर उभा असलेला अंतराळवीर किंवा चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी ही दृश्ये पाठ्यपुस्तकांपासून टपाल तिकिटांपर्यंत सर्वत्र पोहोचली आहेत. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेची छायाचित्रे सामान्यतः स्वामित्वहक्काच्या बंधनातून मुक्त असल्यामुळे ती कोणालाही विनामूल्य उपलब्ध होतात. असे असतानाही त्याच दृश्यांच्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या, कडा पिवळसर झालेल्या आणि रंग काहीसे उतरलेल्या कागदी प्रती मिळविण्यासाठी जगभरचे संग्राहक परिश्रम घेतात व पैसा खर्च करतात. वरवर पाहता ही बाब विसंगत वाटते.

प्रस्तुत लेखात या विसंगतीचा उलगडा करण्याचा प्रयत्न केला आहे. छायाचित्रातील दृश्य आणि त्या दृश्याची विशिष्ट काळी तयार झालेली प्रत या दोन भिन्न गोष्टी आहेत. दृश्य सर्वांच्या मालकीचे असते. प्रत मात्र एक ऐतिहासिक दस्तऐवज असते व तिचा कागद, तिच्यावरील क्रमांक आणि मागील बाजूचा मजकूर हे त्या दस्तऐवजाचे अविभाज्य भाग असतात. या दृष्टीने पाहिल्यास जुन्या छायाचित्रांचा संग्रह हा छंद राहूनही इतिहासलेखनाचे साधन ठरतो.

अंतराळ छायाचित्रणाचा आरंभकाळ :

अंतराळातून पृथ्वीचे पहिले छायाचित्र कोणत्याही अंतराळवीराने घेतलेले नाही. २४ ऑक्टोबर १९४६ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या व्हाइट सँड्स येथून, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीकडून हस्तगत केलेला एक 'व्ही-२' अग्निबाण सोडण्यात आला. त्यातील ३५ मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा दर दीड सेकंदाला एक चित्र टिपत होता. अग्निबाण सुमारे १०५ किलोमीटर उंची गाठून जमिनीवर आदळला. कॅमेऱ्याचा चक्काचूर झाला, परंतु पोलादी डबीत ठेवलेली फिल्म सुरक्षित राहिली. काळ्या आकाशाखाली पृथ्वीची वक्र कडा दाखविणारी ती धूसर कृष्णधवल चित्रे अंतराळ छायाचित्रणाचा प्रारंभबिंदू मानली जातात.

यानंतर सोव्हिएत संघाच्या 'लुना-३' या यानाने ७ ऑक्टोबर १९५९ रोजी चंद्राच्या पलीकडील बाजूची छायाचित्रे घेतली. फिल्म यानातच धुऊन, सुकवून, प्रकाशाच्या साहाय्याने तिचे वाचन करून ती चित्रे रेडिओसंदेशांच्या रूपाने पृथ्वीवर पाठविण्यात आली. ऑगस्ट १९६१ मध्ये गेर्मान तितोव्ह यांनी पृथ्वीप्रदक्षिणा करीत असताना चलचित्र कॅमेरा हाती धरून पृथ्वीचे चित्रण केले.

अमेरिकेच्या मानवी मोहिमांमध्ये छायाचित्रणाला आरंभी दुय्यम स्थान होते. २० फेब्रुवारी १९६२ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करणारे जॉन ग्लेन यांनी आपल्यासोबत नेलेला 'अँस्को ऑटोसेट' हा साधा कॅमेरा फ्लोरिडातील कोको बीच येथील एका दुकानातून सुमारे ४० डॉलरला विकत घेतला होता. हातमोजे घालून वापरता यावा म्हणून त्यात आवश्यक ते बदल करण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात वॉल्टर शिरा यांनी स्वीडिश बनावटीचा 'हॅसलब्लाड' कॅमेरा अंतराळात नेला. या कॅमेऱ्याच्या मोठ्या आकाराच्या फिल्मवर उमटलेले स्पष्ट चित्र पाहिल्यानंतर छायाचित्रणाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. ३ जून १९६५ रोजी 'जेमिनी-४' यानाबाहेर तरंगणारे एडवर्ड व्हाइट यांची जेम्स मॅकडिव्हिट यांनी घेतलेली रंगीत छायाचित्रे जगभर गाजली. पुढे 'अपोलो' मोहिमांत अंतराळवीरांना छायाचित्रणाचे पद्धतशीर प्रशिक्षण देण्यात आले.

'मूळ' प्रतीचा प्रश्न :

चित्रकाराने रंगविलेले चित्र एकच असते. म्हणून तेथे मूळ कोणते व नक्कल कोणती हे सांगणे सोपे जाते. छायाचित्राच्या बाबतीत, आणि विशेषतः अंतराळातील छायाचित्राच्या बाबतीत, हा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. त्याचे तीन प्रकार संभवतात.

(१) फिल्म पृथ्वीवर परत आली : 'अपोलो' मोहिमांत वजन वाचविण्यासाठी चंद्रपृष्ठावर वापरलेले हॅसलब्लाड कॅमेरे तेथेच सोडून देण्यात आले व केवळ फिल्मची मॅगझिने परत आणण्यात आली. 'अपोलो-११' ची मॅगझिने उघडताना एका तंत्रज्ञाच्या उघड्या हाताला चंद्रधूळ लागली आणि त्यालाही अंतराळवीरांबरोबर विलगीकरणात राहावे लागले. ही मूळ फिल्म ह्यूस्टन येथील जॉन्सन अंतराळ केंद्रात अतिशीत कक्षात जतन करण्यात आली. तिच्यावरून दुय्यम फिल्म तयार करण्यात आली व प्रसिद्धीसाठीच्या कागदी प्रती त्या दुय्यम किंवा त्याही पुढच्या पिढीच्या फिल्मवरून छापल्या गेल्या.

(२) फिल्म परत आलीच नाही : १९६६ आणि १९६७ या वर्षांत चंद्राभोवती फिरलेल्या पाच 'लूनर ऑर्बिटर' यानांमध्ये फिल्म यानातच धुतली जात असे व पट्ट्यापट्ट्यांनी तिचे वाचन करून संदेश पाठविले जात. काम संपल्यावर ही याने चंद्रावर पाडण्यात आली. म्हणजेच त्या छायाचित्रांची मूळ फिल्म पृथ्वीवर अस्तित्वातच नाही. या मोहिमांच्या जुन्या प्रतींवर जे आडवे-उभे पट्टे दिसतात ते दोष नसून त्या प्रक्रियेची खूण होय.

(३) फिल्म कधीच नव्हती : जुलै १९६५ मध्ये मंगळाजवळून गेलेल्या 'मरिनर-४' यानाने चित्रे अंकांच्या रूपात पाठविली. पहिल्या चित्राची प्रतिमा यंत्राद्वारे तयार होईपर्यंत धीर न धरवल्याने कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेच्या अभियंत्यांनी अंक छापलेल्या कागदी पट्ट्या भिंतीवर चिकटवल्या व रंगखडूंनी प्रत्येक अंकाला नेमून दिलेली छटा भरली. मंगळाचे जवळून घेतलेले पहिले चित्र अशा रीतीने हाताने रंगविले गेले. ते आजही त्या प्रयोगशाळेत जतन केलेले आहे.

या तिन्ही प्रकारांवरून असे दिसून येते की, संग्राहकाच्या हाती पडणारी प्रत 'मूळ' या शब्दाच्या काटेकोर अर्थाने मूळ नसते. म्हणून या क्षेत्रात 'व्हिंटेज' ही संज्ञा वापरली जाते. छायाचित्र घेतल्यानंतर थोड्याच काळात, त्या काळच्या कागदावर व त्या काळच्या पद्धतीने तयार केलेली प्रत म्हणजे व्हिंटेज प्रत होय. केवळ दृश्याच्या स्पष्टतेचा विचार केल्यास अशी प्रत आजच्या प्रतिमेपुढे फिकी पडते. २००० च्या दशकात जॉन्सन अंतराळ केंद्र व अॅरिझोना राज्य विद्यापीठ यांनी 'अपोलो' च्या मूळ फिल्मचे उच्च प्रतीचे अंकीकरण हाती घेतले आणि त्यातून मिळालेल्या प्रतिमांमध्ये जुन्या कागदावर कधीच न दिसलेले तपशील दिसू लागले. व्हिंटेज प्रतीचे मोल त्यामुळे वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते. त्या वेळच्या जगाने नेमके काय पाहिले, हे तीच सांगू शकते.

प्रतीची पारख :

व्हिंटेज प्रत ओळखण्यासाठी अनुभवी संग्राहक पुढील बाबी तपासतात.

क्रमांक : 'नासा' ने वितरित केलेल्या प्रतींवर साधारणपणे समासात किंवा मागील बाजूस क्रमांक असतो. चंद्रपृष्ठावरील बझ ऑल्ड्रिन यांच्या सुप्रसिद्ध छायाचित्राचा क्रमांक 'एएस ११-४०-५९०३' असा आहे. त्यातील पहिला भाग मोहीम, दुसरा भाग फिल्मचे मॅगझिन आणि तिसरा भाग चौकटीचा अनुक्रम दर्शवितो. 'एस-६९' ने सुरू होणारा क्रमांक ह्यूस्टन येथील केंद्राचा व १९६९ या वर्षाचा निदर्शक आहे. '६९-एचसी' ने आरंभ होणारा क्रमांक मुख्यालयाने दिलेल्या रंगीत प्रतीचा, तर '६९-एच' ने आरंभ होणारा कृष्णधवल प्रतीचा असतो. आठ बाय दहा इंची चकचकीत रंगीत प्रतींवर वरच्या डाव्या समासात लाल अक्षरांत छापलेला क्रमांक असल्यास ती प्रत आरंभीच्या छपाईतील मानली जाते व संग्राहक तिला विशेष पसंती देतात.

कागद : रंगीत प्रतींच्या मागील बाजूस 'ए कोडॅक पेपर' ही फिकट अक्षरे तिरप्या ओळीत पुन्हा पुन्हा उमटलेली दिसतात. ही खूण १९६० च्या दशकातील व त्यानंतरच्या काही वर्षांतील कागदाची निदर्शक आहे. कागदाच्या पोतावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. आधीचा कागद तंतुमय असून काळाच्या ओघात किंचित वळतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून प्लॅस्टिकचा थर दिलेला सपाट कागद प्रचारात आला. १९६२ सालच्या मोहिमेची प्रत अशा प्लॅस्टिकच्या थराच्या कागदावर असेल, तर ती नंतर छापलेली आहे हे उघड होते.

मागील मजकूर : वृत्तसंस्थांना पाठविलेल्या प्रतींच्या पाठीवर निळसर-जांभळ्या शाईत चक्रमुद्रित केलेली टीप, प्रकाशनाची तारीख, वृत्तपत्र कार्यालयाचे शिक्के आणि क्वचित छपाईसाठी दिलेल्या मापांच्या पेन्सिलीच्या खुणा असतात. नवख्या संग्राहकाला ही घाण वाटते. जाणकाराला हाच प्रतीचा जन्मदाखला वाटतो.

छपाईचा प्रकार : खऱ्या छायाचित्रातील छटा एकमेकींत सलग मिसळलेल्या असतात. शाळांना व नागरिकांना वाटण्यासाठी 'नासा' ने शाईने छापलेली चित्रेही मोठ्या संख्येने काढली होती. साध्या भिंगाखाली त्यांत बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. ही छापील चित्रे बनावट नव्हेत, परंतु त्यांना छायाचित्राच्या भावाने विकणे ही फसवणूक होय.

स्वाक्षरी : अंतराळवीरांची स्वाक्षरी असल्यास प्रतीची किंमत अनेक पटींनी वाढते व त्याच प्रमाणात धोकाही वाढतो. चाहत्यांच्या पत्रांच्या महापुराला तोंड देण्यासाठी १९६० च्या दशकात स्वाक्षरी करणारे यंत्र वापरले जात असे. हाताने केलेल्या दोन सह्या कधीही तंतोतंत जुळत नाहीत. यंत्राच्या सह्या मात्र एकमेकींवर ठेवल्यास बरोबर बसतात. नील आर्मस्ट्राँग यांनी १९९४ पासून स्वाक्षरी देणे बंद केले. त्यांच्या नावाने फिरणाऱ्या सह्यांबाबत म्हणूनच अधिक सावधगिरी बाळगावी लागते.

प्रत हा पुरावा :

व्हिंटेज प्रतींचे खरे महत्त्व त्या इतिहासाची दुरुस्ती करू शकतात यात आहे. पुढील उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

मे १९६१ मध्ये, गागारिन यांच्या उड्डाणानंतर काही आठवड्यांनी, काळ्या समुद्राच्या काठावरील सोची येथे सोव्हिएत अंतराळवीरांच्या पहिल्या तुकडीचे समूहछायाचित्र घेण्यात आले. त्यात ग्रिगोरी नेल्युबोव्ह हे तरुण वैमानिकही होते. पहिल्या उड्डाणासाठी निवडलेल्या अग्रगण्य उमेदवारांत त्यांची गणना होत असे. १९६३ साली शिस्तभंगाच्या कारणावरून त्यांना तुकडीतून काढून टाकण्यात आले व १९६६ साली आगगाडीखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. पुढे प्रसिद्ध झालेल्या त्या छायाचित्राच्या आवृत्त्यांमधून नेल्युबोव्ह यांची आकृती रंगफवाऱ्याने पुसून टाकलेली होती. एकाच प्रसंगाच्या दोन छापील आवृत्त्या शेजारी ठेवून पाहणाऱ्या पाश्चात्त्य अभ्यासकांच्या हे लक्षात आले. १९८६ साली सोव्हिएत वृत्तपत्रानेही त्यांचे नाव जाहीरपणे घेतले. एक मनुष्य इतिहासातून पुसला जात असताना त्याचे अस्तित्व कागदाच्या एका जुन्या तुकड्याने टिकवून धरले. येथे हेही लक्षात घ्यावे लागते की, पुसलेली प्रतदेखील तितकीच जुनी व तितकीच जतन करण्याजोगी आहे. कारण पुसण्याच्या कृतीचा पुरावा तीच देते.

दुसरे उदाहरण २४ डिसेंबर १९६८ रोजी 'अपोलो-८' मधून टिपलेल्या पृथ्वीच्या उदयाचे आहे. हे दृश्य प्रथम कोणी टिपले याबद्दल दीर्घकाळ मतभेद होते व मोहीमप्रमुख फ्रँक बोरमन यांच्याकडे पहिल्या कृष्णधवल छायाचित्राचे श्रेय जात असे. चौकटींचे अनुक्रम, यानातील संभाषणाचे ध्वनिमुद्रण आणि चंद्राच्या भूपृष्ठाची संगणकीय मांडणी यांची सांगड घालून २०१३ साली 'नासा' ने जे दृश्यांकन प्रसिद्ध केले, त्यातून कृष्णधवल व रंगीत ही दोन्ही छायाचित्रे विल्यम अँडर्स यांनीच घेतल्याचे दिसून आले. चौकटीच्या क्रमांकाशिवाय ही सांगड घालणे शक्य झाले नसते.

तिसरे उदाहरण 'अपोलो-११' चे आहे. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या आर्मस्ट्राँग यांचे चंद्रपृष्ठावरील एकही चांगले छायाचित्र नाही, असा समज वर्षानुवर्षे रूढ होता. चंद्रपृष्ठावर बहुतांश वेळ कॅमेरा त्यांच्याच हाती होता, हे त्याचे कारण. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'एएस ११-४०-५८८६' या चौकटीत यानापाशी पाठमोरे काम करणारी व्यक्ती आर्मस्ट्राँग हेच असल्याचे अभ्यासकांनी निश्चित केले. १९६९ मध्ये या चौकटीकडे कोणाचेही लक्ष गेले नव्हते. याउलट ऑल्ड्रिन यांच्या उपरोक्त प्रसिद्ध छायाचित्राच्या मूळ चौकटीत त्यांच्या डोक्यावर जागा जवळजवळ उरलेलीच नव्हती. प्रसिद्धीच्या प्रतीत वरच्या बाजूस काळे आकाश जोडण्यात आले. जगाच्या मनात ठसलेले चित्र ते हे जोडलेले आकाश असलेले चित्र होय. मूळ चौकट आणि १९६९ ची प्रत या दोहोंची तुलना केल्यावरच हे उमगते.

बाजार, मालकी आणि कायदा :

दीर्घकाळ या प्रतींना बाजारमूल्य नव्हते. वृत्तपत्र कार्यालये, कंत्राटदार कंपन्या व निवृत्त कर्मचारी यांच्याकडील गठ्ठे अनेकदा रद्दीत जात. एकविसाव्या शतकात ही स्थिती बदलली. फेब्रुवारी २०१५ मध्ये लंडन येथे केवळ 'नासा' च्या व्हिंटेज छायाचित्रांचा मोठा लिलाव झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये 'क्रिस्टीज' या लिलावसंस्थेने एका संग्राहकाची सुमारे २,४०० छायाचित्रे ७०० च्या आसपास गटांत विक्रीस काढली. आर्मस्ट्राँग यांच्या उपरोक्त छायाचित्राची व्हिंटेज प्रतही त्यात होती. १९६९ मध्ये दुर्लक्षित राहिलेली चौकट अर्ध्या शतकानंतर विक्रीचे प्रमुख आकर्षण ठरली.

किंमत वाढली की मालकीचे वाद उद्भवतात. 'अपोलो-१४' चे अंतराळवीर एडगर मिचेल यांनी चंद्रावरून परत आणलेला चलचित्र कॅमेरा लिलावास काढला, तेव्हा २०११ साली अमेरिकी सरकारने त्यांच्याविरुद्ध दावा दाखल केला व अखेर तो कॅमेरा राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाकडे गेला. या प्रकारच्या संदिग्धतेवर उपाय म्हणून सप्टेंबर २०१२ मध्ये कायदा संमत झाला. त्यानुसार 'मर्क्युरी', 'जेमिनी' व 'अपोलो' मोहिमांतील अंतराळवीरांनी आठवण म्हणून ठेवलेल्या वस्तूंवर त्यांची मालकी मान्य करण्यात आली. चंद्रावरील खडक मात्र त्यातून वगळण्यात आले. आर्मस्ट्राँग यांच्या निधनानंतर त्यांच्या कपाटात एक पांढरी कापडी पिशवी सापडली व चंद्रावर उतरतानाचे चित्रण करणारा कॅमेरा तीत होता. ही बाब २०१५ साली जाहीर झाली. चंद्रावर टाकून द्यावयाच्या सामानातला कॅमेरा चार दशके घरातील कपाटात पडून होता.

सर्वसामान्य संग्राहकासाठी यातून निघणारा बोध साधा आहे. प्रत कोणाकडून कोणाकडे आली याची लेखी साखळी, म्हणजेच मालकी-परंपरा, प्रतीइतकीच जपली पाहिजे. विक्रेत्याचे पत्र, पावती, मूळ पाकीट आणि जुन्या मालकाने सांगितलेली हकिगत हे सर्व प्रतीसोबत राहणे आवश्यक आहे.

जतन :

१९६० च्या दशकातील रंगीत कागदावरील रंगद्रव्ये अस्थिर असतात. प्रकाशात ती उडतातच, परंतु अंधारात ठेवली तरी उष्णता व दमट हवा यांमुळे हळूहळू त्यांचा ऱ्हास होतो. निळसर छटा उतरल्याने चंद्रभूमीची करडी माती गुलाबी दिसू लागते. कृष्णधवल प्रती तुलनेने टिकाऊ असल्या तरी रसायने नीट धुतली गेली नसल्यास त्या पिवळ्या पडतात व कडांवर चंदेरी झाक येते.

कोकण व मुंबईसारख्या दमट हवेच्या प्रदेशात धोका अधिक आहे. छायाचित्राचा पृष्ठभाग जिलेटिनचा असल्याने पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. काचेला थेट टेकवून चौकटीत बसविलेली प्रत काचेला चिकटते आणि सोडविताना चित्राचा थर निघून येतो. यासाठी पुढील दक्षता उपयुक्त ठरतात : प्रती आम्लविरहित कागदी पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या आवरणात ठेवाव्यात, पीव्हीसी प्लॅस्टिकचे खिसे असलेले अल्बम टाळावेत, कपाट बाहेरील भिंतीला लागून नसावे, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या वेळोवेळी बदलाव्यात, प्रत हाताळताना स्वच्छ सुती हातमोजे वापरावेत, मागील बाजूस शाईने काहीही लिहू नये. भिंतीवर लावण्यासाठी नवी नक्कल वापरून व्हिंटेज प्रत अंधारात ठेवणे सर्वांत श्रेयस्कर. चिकटपट्टी लावणे किंवा लॅमिनेशन करणे म्हणजे दस्तऐवजाचा नाश करणे होय.

संस्थांच्या ताब्यातील सामग्री आपोआप सुरक्षित राहते, हा समजही तपासून पाहावा लागतो. 'अपोलो-११' च्या चंद्रभ्रमणाच्या दूरचित्रवाणी संदेशांच्या मूळ फिती पुसून पुन्हा वापरण्यात आल्या असाव्यात, असा निष्कर्ष 'नासा' च्या शोधपथकाने २००९ साली नोंदविला. याउलट 'लूनर ऑर्बिटर' च्या संदेशांच्या फिती, त्या जपण्याची गरज ओळखणाऱ्या एका महिला अभिलेखपालाच्या आग्रहामुळे वाचल्या. त्या वाचण्यासाठी लागणारी जुनी अवजड यंत्रे त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या गॅरेजमध्ये सांभाळली. पुढे कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्राच्या आवारात, बंद पडलेल्या एका उपाहारगृहाच्या इमारतीत ही यंत्रे पुन्हा चालू करण्यात आली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये १९६६ सालचे पृथ्वी-उदयाचे छायाचित्र पूर्वी कधीही न दिसलेल्या स्पष्टतेने प्रकट झाले. मोठ्या यंत्रणेने गमावले असते ते एका व्यक्तीच्या चिकाटीने राखले. संग्राहकाच्या कार्याचे मर्म याच घटनेत आहे.

भारतीय संदर्भ :

अमेरिकी माहिती सेवेने १९६० च्या दशकात अंतराळ मोहिमांची छायाचित्रे जगभर वितरित केली व भारतही त्याला अपवाद नव्हता. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन व कॉलिन्स हे तिघेही आपल्या जगप्रवासात २६ ऑक्टोबर १९६९ रोजी मुंबईत आले होते. त्या काळच्या प्रसिद्धी-प्रती वृत्तपत्रांची कार्यालये, जुनी वाचनालये, महाविद्यालयांचे विज्ञान विभाग व खाजगी घरे यांमध्ये शोधण्याजोग्या आहेत.

भारताच्या स्वतःच्या अंतराळ कार्यक्रमालाही हा विचार लागू पडतो. केरळमधील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण सोडण्यात आला. सायकलवरून अग्निबाणाचे टोक नेणाऱ्या तंत्रज्ञांचे सुप्रसिद्ध छायाचित्र अनेकदा त्या पहिल्या उड्डाणाचे म्हणून दिले जाते. वस्तुतः ते फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९६६ साली टिपलेले आहे. छायाचित्र त्याच्या पाठीवरील टिपेपासून वेगळे झाले की त्याचे साल बदलते, स्थळ बदलते आणि काही काळाने त्याचा अर्थही बदलतो. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा यांनी 'सॅल्यूत-७' वरून केलेल्या भारतभूमीच्या छायाचित्रणापर्यंतच्या साऱ्या सामग्रीची नोंद क्रमांक, तारीख व टीप यांसह होणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

निष्कर्ष :

१) अंतराळ मोहिमांची दृश्ये सर्वांना उपलब्ध असली तरी व्हिंटेज प्रत ही स्वतंत्र ऐतिहासिक साधन आहे, त्या काळच्या जगासमोर काय ठेवले गेले व काय लपविले गेले याची ती साक्ष देते.

२) प्रतीचे मूल्य चित्राच्या सौंदर्यावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते तिचा क्रमांक, कागद, मागील मजकूर व मालकी-परंपरा यांवर अवलंबून असते.

३) स्वच्छ दिसावी म्हणून समास कापणे, शिक्के पुसणे किंवा संच फोडून विकणे यांमुळे पुरावा नष्ट होतो.

४) संस्थात्मक संग्रह व खाजगी संग्रह हे परस्परांना पूरक आहेत. संस्थेकडून जे निसटते ते व्यक्ती जपू शकते, मात्र त्या व्यक्तीने आपल्या संग्रहाची लेखी सूची करून ठेवली पाहिजे.

चंद्रावर सोडून दिलेले कॅमेरे आता मानवाच्या हाती नाहीत. त्यांनी पाहिलेले जेवढे परत आले, तेवढे फिल्मवर व कागदावर आले. एखाद्या जुन्या पेटीत असा कागद हाती लागल्यास चित्र पाहून झाल्यावर तो उलटून पाहावा. त्याच्या पाठीवरचा फिकट होत चाललेला मजकूर आधी उतरवून घेणे, हे संग्राहकाचे पहिले कर्तव्य होय.